हृदयाचं पंपिंग कमी असलेल्या वडिलांना घरी आणलंय, रोज नेमकं काय बघायचं?

तुम्ही लिहिलंय की वडील सत्तरीचे आहेत, बीपी जुनं आहे, हृदयाचं पंपिंग ३० टक्क्यांवर आलंय. धाप लागली म्हणून भरती केलं होतं, आता इंदूरला घरी आणलंय. गोळ्या कळल्या, पण घरच्यांनी काय बघायचं ते कुणी नीट सांगितलं नाही. मी इथेच कार्डियाक वॉर्डात नर्स आहे. अशा पेशंटच्या घरच्यांना डिस्चार्जच्या वेळी जे सांगते, तेच लिहिते.

घरात वजनकाटा नसेल तर आजच आणा. बीपीच्या मशीनइतकाच तो गरजेचा आहे, आणि या आजारात माझा भरवसा काट्यावर जास्त. हृदयाचा जोर कमी पडला की मूत्रपिंडाकडे रक्त कमी पोचतं. शरीराला वाटतं पाणीच कमी झालंय, म्हणून ते मीठ आणि पाणी धरून ठेवायला लागतं. हे पाणी बऱ्याचदा आधी वजनात दिसतं, मग पायांवर, आणि फुप्फुसात भरलं की धाप. रात्री अडीच-तीनला इमर्जन्सीत आणलेल्या पेशंटचे घरचे म्हणतात, "काल संध्याकाळपर्यंत अगदी ठीक होते हो." ते खोटं बोलत नसतात. पण रोज वजन केलं असतं तर बहुतेकांच्या घरी दोन-चार दिवस आधीच कळलं असतं.

सकाळी उठून लघवीला जाऊन आले की, चहाच्या आधी, रोज त्याच काट्यावर, साधारण तसल्याच कपड्यांत वजन करा आणि लिहून ठेवा. डिस्चार्जच्या दिवशीचं वजन कार्डावर असेल, ते वर मोठ्या अक्षरात लिहा. एका दिवसात किलोभर किंवा तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. तीन दिवसांत दोन किलो चरबी चढत नाही, ते जवळजवळ दोन लिटर पाणी असतं. तेव्हा लघवीची गोळी वाढवून भागतं, उशीर केला तर पुन्हा भरती.

वजनासोबत पाय बघा. नडगीच्या हाडावर अंगठ्याने पाचेक सेकंद दाबा, खड्डा राहिला तर सूज आहे. बाबा जास्त वेळ पडून असतील तर पाणी पायात नाही, कमरेखाली पाठीला साचतं, तिथेही दाबून बघा. आणि उशा मोजा. एका उशीवर झोपणाऱ्या माणसाने दोन मागितल्या, किंवा आडवं झालं की कोरडा खोकला यायला लागला, किंवा झोपेतून गुदमरून उठून बसले, तर सकाळचं वजन वाढलेलं नसलं तरी डॉक्टरांना कळवा.

आता मीठ. आपल्या इंदूरात हे सगळ्यात अवघड, कारण वरण-भाजीचं मीठ कमी करणं सोपं आहे, खरी लढाई सेव-नमकीनशी आहे. पोह्यांवर सेव, वर जीरावन मसाला, त्यात काळं मीठ, संध्याकाळी कुणी आणलेली कचोरी. जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसालासुद्धा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे सपाट एक चमचाही नाही, आणि त्यात पापड, लोणचं, ब्रेड सगळं धरून. माझं मत स्पष्ट आहे: सेवेचा डबा वरच्या फळीवर ठेवू नका, घरातच ठेवू नका. बाबांच्या वाट्याची भाजी मीठ घालण्याआधी काढा आणि तिला लिंबू, आमसूल, लसूण, भाजलेल्या जिऱ्याची पूड यांनी चव आणा. थोड्या दिवसांत जिभेला सवय होते. सैंधव किंवा काळं मीठ चालतं हा गैरसमज आहे, त्यातही तेच सोडियम. बाजारात मिळणारं कमी सोडियमचं मीठ तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नको. त्यात पोटॅशियम असतं, आणि रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन या गोळ्यांनीही रक्तातलं पोटॅशियम वाढतं. ते फार चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

पाण्याची मर्यादा डॉक्टरांनी सांगितली असेल तरच पाळा, आणि मग त्यात चहा, ताक, वरणाचं पाणी सगळं मोजा.

बीपी घेताना पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पट्टा उघड्या दंडावर, हात हृदयाच्या पातळीला. मिनिटभराने पुन्हा घ्या आणि दोन्ही आकडे लिहा. इथे एक गोष्ट मनापासून सांगते. आकडा ११०/७० आला की घरातलं कुणीतरी म्हणतं, "बीपी तर नॉर्मल आहे, आज गोळी राहू दे." राहू देऊ नका. यातल्या बऱ्याच गोळ्या पंपिंग कमी असलेल्या हृदयावरचा ताण कमी करण्यासाठी असतात, आकडा चांगला असला तरी त्या लागतात. उभं राहिल्यावर चक्कर येत असेल किंवा वरचा आकडा १०० च्या खाली जात असेल तर डॉक्टरांना विचारा, गोळी ते बदलतील. बिछान्यातून उठताना मिनिटभर कडेला पाय सोडून बसायची सवय लावा. लघवीची गोळी सकाळी द्या, दुसरी असेल तर दुपारी चारच्या आत, नाहीतर रात्रभर उठावं लागतं आणि अंधारात माणूस पडतो.

गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणून देऊ नका. या गोळ्या शरीरात पाणी धरून ठेवतात आणि मूत्रपिंडालाही त्रास देतात. डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्या, तेही विरघळणारं नको, त्यात सोडियम असतं.

बसल्या जागी धाप लागली, गुलाबी फेसाळ थुंकी आली, छातीत दाबल्यासारखं झालं, भोवळ आली, तर १०८ लावा. शुद्धीवर असतील आणि धाप लागलेली असेल तर ताठ बसवा, पाय खाली सोडा. झोपवू नका, पाणी पाजू नका, आणि स्कूटरवर मध्ये बसवून तर अजिबात नेऊ नका.