हवा प्रदूषणाचे नियम सगळ्यांना एकच, मग झळ काहींनाच जास्त का बसते?

तुम्ही विचारलंय की धूर सगळ्यांच्याच नाकात जातो, नियमही सगळ्यांना सारखाच, मग गरिबांना त्याचा जास्त त्रास होतो ही ओरड खरी की नुसतं राजकारण? मी मुंबईत बेकऱ्या आणि छोट्या हॉटेलांची कागदपत्रं करतो. परवाने, नूतनीकरण, जीएसटी, असली कामं. त्यामुळे डोळ्यांसमोर जे घडलं त्यावरूनच बोलतो.

९ जानेवारी २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला की लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या आणि तंदूर सहा महिन्यांत गॅस, वीज अशा स्वच्छ इंधनावर आले पाहिजेत. महापालिकेने आधी वर्षभराची मुदत दिली होती, ती कोर्टाने निम्म्यावर आणली. लाकडाच्या नव्या भट्ट्यांना परवानगी बंद.

माझं मत आधीच सांगतो, आदेश बरोबर होता. लोकांना वाटतं बेकरीत जंगलातलं लाकूड जळतं. कसलं काय! पाडलेल्या चाळींच्या चौकटी, जुनी दारं, मोडके पलंग, प्लायवूडचे तुकडे. वखारीतल्या लाकडापेक्षा हे खूप स्वस्त पडतं. त्यावर पॉलिश, ऑइलपेंट, सनमायका, सगळं तसंच असतं आणि तेच पेटतं. तो धूर एकदा छातीत गेला की त्याला ‘खमंग’ म्हणणं बंद होतं.

कुर्ल्याकडच्या एका बेकरीत मी एकदा रात्री दोनला गेलो होतो, परवान्यासाठी जागेची मापं घ्यायची होती आणि दिवसा भट्टीपाशी उभं राहता येत नाही. विटांची घुमटासारखी भट्टी. आधी आत लाकडं जाळून ती तापवतात, मग निखारे ओढून काढतात, ओल्या गोणपाटाने तळ पुसतात आणि साठलेल्या उष्णतेवर पाव भाजतात. भट्टीवरचा कारागीर आझमगढकडचा, वीस वर्षं तेच काम. पावाचे दर दोन-तीन ट्रे काढले की थांबून खोकायचा. झोपायचा कुठे, तर भट्टीच्याच वरच्या पोटमाळ्यावर. म्हणजे या नियमाचा सगळ्यात जास्त फायदा कुणाला व्हायला हवा? त्याला. आणि या आदेशाची नोटीस आल्यावर पहिलं काम गेलं तेही त्याचंच, कारण बटणावर चालणाऱ्या ओव्हनला भट्टी राखणारा माणूस लागत नाही.

आता मालकांकडे बघा. माझ्याकडे एकाच आठवड्यात दोघे नोटीस घेऊन आले. एकाची उपनगरात पाच दुकानं, त्याच्याकडे अर्धं काम आधीच विजेवर होतं. बँकेने कर्ज दिलं, त्याने फिरत्या रॅकचा ओव्हन आणला, झालं. दुसऱ्याची आजोबांपासूनची पागडीची जागा, म्हणजे जुन्या भाडेकरूची, मालकी घरमालकाचीच. तिथे गॅसची पाइपलाइन गल्लीपर्यंत आलेलीच नाही. सिलिंडर ठेवायचे तर वर लोक राहतात, अग्निशमन दलाची परवानगी मिळणं कठीण. विजेचा लोड वाढवायचा तर घरमालकाची सही पाहिजे, आणि घरमालकाला जागा रिकामी व्हावी अशीच इच्छा. नोटिशीत दोघांनाही सारखेच सहा महिने. पहिल्याला त्यात मशीन बसवायची होती, दुसऱ्याला एक सही मिळवायची होती.

यात आमच्या स्टेशनबाहेरच्या वडापाववाल्या मावशी कुठल्याच नोटिशीत नाहीत. पावामागे पन्नास पैसे वाढले की दिवसाच्या तीनशे पावांचे दीडशे रुपये त्यांच्या खिशातून जातात. वडापाव महाग केला तर गिऱ्हाईक शेजारच्या गाडीवर.

बांधकामाचं उदाहरण वेगळं, पण गाठ तीच. ऑक्टोबर २०२३ मध्ये पालिकेने बांधकामांसाठी नियम काढले, त्यात मोठ्या प्रकल्पांभोवती ३५ फूट उंच पत्रे लावायचे होते. रस्त्यावरून चालणाऱ्या तुम्हाआम्हाला चांगलंच. पण बऱ्याच ठिकाणी मजुरांच्या खोल्या त्या पत्र्याच्या आतच असतात, पोरंबाळं तिथेच खेळतात. पाणी नीट मारलं नाही तर बाहेर यायची ती धूळ आतच फिरते. दिल्लीत हवा बिघडली की बांधकामंच बंद करतात. तिथे निदान २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की काम थांबलेल्या मजुरांना कामगार उपकराच्या, म्हणजे बांधकामांवर मजुरांसाठी घेतलेल्या कराच्या, निधीतून पैसे द्या. बेकरीच्या कारागिरांसाठी असा उपकरही नाही आणि निधीही नाही.

आणि हे फक्त नियम लावण्यापुरतं नाही, न लावण्याचंही तसंच आहे. माहुल घ्या. मुंबईतच, चेंबूरजवळ, रिफायनऱ्या आणि केमिकलच्या टाक्यांना खेटून असलेलं गाव. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्येच म्हटलं होतं की तिथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे. त्यानंतरही मुंबईला पाणी आणणाऱ्या तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या तोडून हजारो कुटुंबांना तिथल्याच इमारतींमध्ये पाठवलं. तोडलं तेही कोर्टाच्या आदेशानेच, पाइपलाइनच्या सुरक्षेसाठी. माणसं आजारी पडली, महिनोन् महिने आंदोलन चाललं, तेव्हा २०१९ मध्ये हायकोर्टाने सांगितलं की यांना दुसरीकडे घर द्या, नाहीतर महिना १५,००० रुपये भाडं आणि ४५,००० रुपये अनामत द्या. पुढे २०२५ मध्ये पालिकेने तिथलीच रिकामी घरं आपल्या कर्मचाऱ्यांना साडेबारा लाखांच्या आसपास विकायला काढली. मुंबईत या किमतीला खुराडंही मिळत नाही, तरी प्रतिसाद थंड. ज्याच्यापुढे पर्याय असतो तो नाक दाबून निघून जातो, एवढं तरी यातून कळतं.

म्हणून ‘नियम हवेत की नकोत’ असा तुमचा प्रश्न मी घेणार नाही. भट्ट्या बदलायलाच हव्या होत्या. पण मुदतीबरोबर स्वस्त कर्ज, गल्लीपर्यंत पाइपलाइन आणि घरमालकाच्या सहीला काहीतरी तोड द्यायला हवी होती. नोटीस काढणं फुकट असतं, बाकी सगळ्याला पैसे लागतात. आधी काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा.

त्या पागडीवाल्या मालकाने भट्टी विझवली, आता दुसरीकडून तयार पाव आणून विकतो. कारागिराचा दिवाळीनंतर फोन आला होता, पीएफचा कागद हवा होता म्हणून. कुठे आहेस विचारलं, तर मुंबईच्या हद्दीबाहेर, लाकडाच्याच एका भट्टीवर. बोलताना दोनदा थांबून खोकला.