भावाच्या हृदयाला फुगवटा आहे, त्यामुळे धडधड होते. गोळ्यांवर भागेल की ऑपरेशनच करावं?

भाऊ २७ वर्षांचा, डाव्या वरच्या कप्प्याच्या अपेंडेजला (कप्प्याला जोडलेल्या छोट्या पिशवीला) एन्युरिझम म्हणजे फुगवटा, आणि घरचे म्हणतात ‘गोळ्या चालू आहेत ना, मग छाती कशाला उघडायची’. हेच वाक्य आमच्या घरात ऐकलंय म्हणून लिहितेय. ऑपरेशन करा.

माझ्या धाकट्या बहिणीला हेच होतं. बसल्या जागी नाडी दीडशेच्या पुढे जायची. सगळे म्हणाले परीक्षेचं टेन्शन. काकूंनी मीठ-मोहऱ्याही ओवाळल्या. शेवटी साध्या एक्स-रेत हृदयाची डावी कड बाहेर आलेली दिसली, मग टूडी इको, सीटी. त्या पिशवीची भिंत बहुतेकदा जन्मतःच कमकुवत असते, ती ताणत जाते आणि त्रास विशी-तिशीत सुरू होतो. यावर काका काय म्हणाले? “पोरीच्या छातीवर एवढा व्रण, उद्या स्थळं कशी यायची?” या एका प्रश्नापायी ऑपरेशन लांबलं, आणि ते मी अजून विसरलेले नाही. पिशवीत रक्त साचतं, गुठळी होते, ती सुटून मेंदूत गेली तर पक्षाघात. गोळ्यांनी ठोके आवरतात, गुठळीचा धोका कमी होतो, पण पिशवी जागेवरच राहते.

तिचं छातीचं मधलं हाड उघडून, हार्ट-लंग मशीनवर ऑपरेशन झालं. सर्जननी फुगवटा मुळाशी कापला आणि तोंड शिवून टाकलं. बिघाड त्या पिशवीतूनच सुरू होत होता, त्यामुळे धडधड थांबली. एएफ (वरच्या कप्प्यांचे अनियमित, भरकटलेले ठोके) जुना असेल तर सोबत मेझ शस्त्रक्रियाही करतात (डॉ. जेम्स कॉक्स यांनी १९८७ साली सुरू केलेली): वरच्या कप्प्यांत ठरावीक रेषांवर व्रण करून भरकटलेला विद्युतप्रवाह अडवायचा. भावाला त्याची गरज आहे का, हे आधीच विचारा. घशातून इको करून गुठळी आहे का तेही पाहून घ्या.

मांडीतून वायर घालून ॲब्लेशन (ठोके बिघडवणारी जागा आतून निकामी करणं) सुचवणारेही भेटतील. ठोके सुधारतीलही, पण पिशवीचं काय?

एवढं मात्र लक्षात घ्या, हे सगळं वरच्या कप्प्याबद्दल आहे. हार्ट अटॅकनंतर खालच्या डाव्या कप्प्याला येणारा फुगवटा वेगळा. तिथे ठोक्यांचा बिघाड अटॅकने झालेल्या व्रणाच्या कडेला, आतल्या थरात असतो. नुसता फुगवटा कापून पुष्कळदा भागत नाही. आणि ओपन हार्टला धोका असतोच, तो सर्जनकडून नीट समजून घ्या.

पण समजून भावाने घ्यायचं आणि ठरवायचंही त्यानेच. काका-मामांना नंतर कळवा.