मुलांना घरी शिकवताना माझी स्वतःची प्रार्थनाच सुटली आहे. अशात विश्वास कसा टिकवायचा?

ताई, सलाम.

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मुलगी आठ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. गेल्या वर्षी मुलीला शाळेतून काढलंत आणि आता घरीच शिकवताय. स्वयंपाक, तिचा अभ्यास, धाकट्याची रडारड यात पवित्र शास्त्र उघडायलाही होत नाही. दिवसभर मुलांवर आवाज चढतो आणि रात्री प्रार्थनेला बसायची लाज वाटते. नवरा चांगला आहे, पण उपासनेत त्याचं फारसं मन नाही. सासरची माणसं म्हणतात, ‘आपल्या लोकांनी शाळा काढल्या आणि तू पोरं घरी ठेवतेस?’

मीही माझ्या दोन्ही मुलांना आठवीपर्यंत घरी शिकवलं. नवऱ्याच्या बदल्यांमुळे ते सुरू झालं आणि पुढे आम्हाला आवडलं म्हणून चालू राहिलं. त्यामुळे तुमच्या घरातली सकाळ मला न सांगता समजते.

आधी थकव्याबद्दल बोलते, कारण बाकीचं बरंचसं त्यातून येतंय. बायबलमधल्या राजांच्या पहिल्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय वाचा. एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली पडलाय, ‘आता पुरे, माझा प्राण घे’ म्हणतोय. देव त्याला उपदेश करत नाही. तो झोपतो, दूत त्याला उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो. तो पुन्हा झोपतो, पुन्हा खातो. होरेब डोंगरावरचा तो मंद, शांत आवाज त्याच्या कानी पडतो तो यानंतर, चाळीस दिवस चालून गेल्यावर. तुमची झोप आणि तुमचं वेळेवरचं जेवण देवाच्या दृष्टीने क्षुल्लक नाही. दुपारी धाकटा झोपला की तुम्हीही आडव्या व्हा आणि त्याबद्दल मनाला टोचणी लावून घेऊ नका. आणि हे काळजीने सांगते: आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, सारखं रडू येत असेल, कशातच गोडी उरली नसेल, तर डॉक्टरांकडे जा. त्यात विश्वास कमी पडण्याचा काहीही संबंध नाही.

आता प्रार्थनेचं. पहाटे चारला उठून तासभर गुडघ्यावर असणाऱ्या बायकांच्या साक्षी आपण महिला मंडळात ऐकतो आणि त्यांच्या मापाने स्वतःला मोजतो. त्या साक्षी खऱ्या असतात. पण त्यातल्या बऱ्याच जणींची मुलं मोठी झालेली असतात. यशया ४०:११ मध्ये देव मेंढपाळासारखा येतो, कोकरांना उराशी धरतो आणि ज्यांच्याजवळ पिल्लं आहेत त्यांना जपून नेतो. कळपाची चाल तो लेकुरवाळीला झेपेल अशी ठेवतो. चार वर्षांचं मूल कडेवर असलेल्या बाईकडे तो तासांचा हिशेब मागत नाही, असं मी पूर्ण विश्वासाने म्हणते.

मग करायचं काय? मी एक स्तोत्र आठवडाभर धरून ठेवायचे. सोमवारी वाचायचं, कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ओट्यासमोर चिकटवायचं आणि भाकऱ्या थापताना त्यातली एखादी ओळ पुन्हा पुन्हा म्हणायची. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ यातच एक अख्खा आठवडा जातो, आणि तो वाया जात नाही. शब्द मनात मुरले की रात्री दोन वाजता मुलाला ताप आला तरी तेच ओठांवर येतात. मोठी प्रार्थना सुचली नाही तर छोटी करा. मंदिरात लांब उभा राहून ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर’ एवढंच म्हणणारा जकातदार नीतिमान ठरून घरी गेला, असं प्रभूने स्वतः सांगितलंय.

याच जागी तुमच्या रागाचाही प्रश्न येतो. मुलीवर ओरडलात तर रात्रीची वाट पाहू नका. त्याच वेळी तिच्याजवळ बसा, ‘मी चुकले, मला क्षमा कर’ म्हणा आणि दोघी मिळून दोन वाक्यांची प्रार्थना करा. क्षमा मागणारी आई पाहिलेल्या मुलीला सुवार्ता वेगळी समजावून सांगावी लागत नाही. लाज वाटते म्हणून प्रार्थना टाळली की लाज वाढतच जाते. ‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो’ ही येशूची हाक शांत, आवरलेल्या घरातल्या माणसांना दिलेली नाही.

बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातलं ते वचन तुम्हाला पाठ असेल, मुलांना शिकवण्याबद्दलचं. त्यातला क्रम बघा. ही वचनं आधी तुझ्या अंतःकरणात असू देत, मग मुलांना शिकव. आणि शिकवायचं कधी? घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. हे सगळे वह्या मिटलेल्या असतानाचे प्रसंग आहेत. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की बायबलला वेळापत्रकातला आणखी एक विषय करू नये. त्याची चाचणी घेऊ नये, आणि मूल ऐकत नाही म्हणून ‘आईबापांच्या आज्ञेत राहा’ हे वचन दहा वेळा लिहायला लावू नये. मी असं घडताना पाहिलंय. ती मुलं मोठेपणी त्या वचनांपासून लांबच राहतात. त्याऐवजी भाजीला जाताना बोला. मुलीने शेजारच्या मुलाशी भांडण केलं तर योसेफाच्या भावांची गोष्ट सांगा. रात्री अंथरुणात ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातलं एक गीत म्हणा. रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं मुलांच्या तोंडी सहज बसतात, आणि तिचं मराठीही त्यातून सुधारतं, तो लाभ वेगळाच. आणि ही आज्ञा सगळ्या इस्राएलाला दिलेली आहे, एकट्या आईला नाही.

नवऱ्याबद्दल म्हणूनच थोडं. प्रेषित पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याचा बाप ग्रीक होता. प्रेषितांच्या कृत्यांत एवढंच येतं, त्याच्या विश्वासाबद्दल एक शब्द नाही. पण पौल आठवण काढतो ती आजी लोईस आणि आई युनीके यांच्या निष्कपट विश्वासाची, आणि तीमथ्याला पवित्र शास्त्र बालपणापासून माहीत आहे असं म्हणतो. म्हणजे ते घरात शिकला. तुमचा नवरा प्रार्थना चालवत नसेल, तर त्याला त्याच्या आवडीचं काम द्या. गणित, सायकल, रविवारचा बाजारहिशेब. मुलांसमोर त्याच्या उपासनेबद्दल तक्रार करू नका. रात्रीच्या गीताला तो नुसता शेजारी येऊन बसला तरी बरंच झालं.

आता सासरच्यांचं बोलणं. ते मनाला लागतं हे मला माहीत आहे, पण त्यामागचं कारण आपण मान्य करायला हवं. अमेरिकन मराठी मिशनचं काम मुंबईत १८१३ साली सुरू झालं आणि शाळा हा त्या कामाचा कणा होता. नगरच्या मिस फॅरार यांच्या मुलींच्या शाळेने तर जोतीराव फुल्यांनाही प्रेरणा दिली. आपल्यातल्या कितीतरी घरांत ज्या पणजोबांना गावात पाणवठ्यावर उभं केलं जात नव्हतं, त्यांना मिशनच्या शाळेने बाकावर बसवलं. त्यांच्या नातवंडांना ‘शाळा सोडली’ हे ऐकवत नाही, यात नवल ते काय? सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना तुमच्या शाळेत घ्या. त्यांच्या लहानपणीचं मिशन कंपाउंड, नाताळची गीतं, दुष्काळाच्या आठवणी असं सगळं त्या मुलीला सांगू देत आणि तिने ते वहीत उतरवू दे. आमच्याकडे विरोधाची धार यानेच गेली.

आणि घरच्या शिक्षणाला आपल्याच मातीत फार मोठा दाखला आहे. पंडिता रमाबाई. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना विरोध सोसावा लागला आणि ते कुटुंब गंगामूळच्या रानात जाऊन राहिलं. तिथेच १८५८ साली रमाबाईंचा जन्म झाला. पुढे घर सुटलं, तीर्थांमागून तीर्थं पायी फिरणं सुरू झालं, वडील म्हातारे झाले आणि धाकट्या मुलीला शिकवायचं काम आईकडे आलं. साधारण आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत आईने आपल्याला शिकवलं असं रमाबाईंनी लिहून ठेवलंय. ना वर्ग, ना फळा, उद्या कुठे मुक्काम याचा पत्ता नाही. त्या माउलीने पहाटे उठवून मुलीकडून हजारो श्लोक पाठ करून घेतले. रमाबाई पुढे ख्रिस्ती झाल्या, पण लक्ष्मीबाई ख्रिस्ती नव्हत्या. आपल्या देवावर, आपल्या शास्त्रांवर निष्ठा असलेल्या हिंदू बाई होत्या, आणि त्यांचं श्रेय त्यांचंच आहे. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील दोघेही गेले. लेकीला १८७८ साली कलकत्त्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं गेलं, हे बघायला आई नव्हती. १८८९ मधलं विधवांसाठीचं शारदा सदन, मग केडगावचं मुक्ती मिशन, दुष्काळातून आणलेल्या शेकडो बायका-मुली, यातलं काहीही तिने पाहिलं नाही.

मला सगळ्यात जास्त हलवतं ते रमाबाईंचं शेवटचं काम. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी पूर्ण बायबल साध्या मराठीत आणलं, कारण खेड्यातल्या बाईला ते वाचता यावं, कळावं ही त्यांची धडपड होती. वर्षानुवर्षं ते काम चाललं, छपाई मुक्तीच्याच छापखान्यात झाली, आणि एप्रिल १९२२ मध्ये त्या प्रभूकडे गेल्या तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं. भाषेची ती तयारी, तासन्‌तास शब्दांपाशी बसायची ती सवय, रस्त्याच्या कडेला बसून शिकवणाऱ्या आईकडून आली. आज तुमची मुलगी पाढे चुकते, उद्या विसरते, आणि तुम्हाला वाटतं आपण हिचं नुकसान करतोय. पीक कोणाच्या अंगणात उभं राहील हे पेरणारीला दिसतंच असं नाही.

कामाची एक युक्ती सुझाना वेस्लींकडून घ्या, मेथडिस्ट मंडळीच्या जॉन आणि चार्ल्स वेस्लींची आई. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या एपवर्थच्या पाळकाच्या घरात तिने मुलांना स्वतः शिकवलं. घरात सदा पैशांची चणचण. तरी आठवड्यातली एकेक संध्याकाळ तिने एकेका मुलाला दिलेली होती. जॉनचा वार गुरुवार. तिची शिस्त मला फार कडक वाटते, ती सगळी उचलू नका. पण ही एक गोष्ट आम्ही केली आणि ती आमच्या घराला फार मानवली. एक वार मुलीचा, एक वार मुलाचा. अभ्यासाचं नाव नाही. फक्त तिचं मन काय म्हणतंय ते ऐकायचं आणि तिच्यासाठी, तिच्यासमोर, तिचं नाव घेऊन प्रार्थना करायची.

परीक्षेची काळजी तुमच्या प्रार्थनेतही शिरत असणार, म्हणून तेही सांगते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, हा केंद्र सरकारचा बोर्ड आहे. तिथे तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीचे अ, ब, क असे स्तर आहेत. चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर दहावीला बसता येतं, मराठी माध्यमही आहे, आणि परीक्षा वर्षातून दोनदा होतात. माझ्या मुलीने दहावी तिथूनच केली आणि पुढे तिला कॉलेजात प्रवेश मिळाला. २००९ चा शिक्षण हक्क कायदा मुलांना शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य मानतो, पण घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी त्यात शिक्षा नाही. मुलीच्या जन्मदाखल्यावरचं, आधारवरचं नाव आणि तारीख जुळते का ते आत्ताच बघून ठेवा. ऐन नोंदणीच्या वेळी धावपळ होते.

एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण मी विचारते. मुलीला घरी कशासाठी ठेवलंय? ती शाळेत कोमेजत होती म्हणून, की बाहेरचं जग वाईट आहे या भीतीने? भीतीने असेल तर थोडं थांबून विचार करा. मैदान, वाचनालय, शेजारच्या घरातली दिवाळी, मंडळीतलं संडेस्कूल यांतलं काही तोडू नका. येशूने शिष्यांना जगातून काढून घे अशी प्रार्थना केली नाही, योहानाच्या सतराव्या अध्यायात ते स्पष्ट आहे. आणि वर्षभराने असं वाटलं की हे आपल्याला झेपत नाही, तर मुलीला पुन्हा शाळेत घाला. त्यात पाप नाही, हारही नाही. देवाने तुम्हाला आई केलंय. शिकवण्याची जागा बदलली तरी ते बदलत नाही.

या रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांच्या पत्नीशी किंवा मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईशी बोला. ‘आमच्यासाठी प्रार्थना करा’ एवढंच म्हणू नका. आठवड्यातली एक दुपार मुलांना सांभाळाल का, असं सरळ विचारा. निवृत्त शिक्षिका आपल्या मंडळ्यांमध्ये हमखास असतात आणि त्यांना असं कोणी विचारलेलं नसतं. एकीने नाही म्हटलं तर दुसरीला विचारा. तोवर मुलांची नावं मला कळवा, मी रोज प्रार्थनेत घेईन.