मिस कॉल 'देतात' कसा?

एका वाचकाचा प्रश्न आहे. "'पोचलास की मिस कॉल दे' असं आपण सर्रास म्हणतो. पण मिस्ड म्हणजे हुकलेला, आणि फोन हुकतो तो घेणाऱ्याचा. मग करणारा तो 'देतो' कसा? हा प्रयोग चूक मानायचा का? लिहायचं 'मिस' की 'मिस्ड'? आणि याला मराठी शब्द कोणता?"

निकाल आधीच सांगून टाकतो, प्रयोग चूक नाही. उलट मराठीने इथे जी बारीक विभागणी केली आहे, ती मूळ इंग्रजी शब्दात नाही. आपण बोलतो कसं ते बघा. "अगं, आंघोळीला गेले होते, तुझा कॉल मिस झाला." इथे फोन खरोखरच हुकला. "बापरे, आईचे चार मिस कॉल पडलेत!" इथे आईला खरंच बोलायचं होतं, आपण उचलला नाही. पेटीत पत्रं पडावीत तसे हे पडून राहिलेले. आणि "खाली आलो की मिस कॉल देतो" म्हणताना तर तो उचलला जाऊ नये हीच इच्छा आहे. झाला, पडले, दिला. क्रियापद बदललं की कुणाचा काय हेतू होता ते लगेच कळतं.

'देणे' इथे आलं कुठून, तर इशाऱ्यांच्या जुन्या घरातून. कोंबडा बांग देतो, गुराखी हाळी देतो, ड्रायव्हर हॉर्न देतो. मोबाइल यायच्या आधीही "घरी पोचलात की दोन रिंग द्या" असं ठरायचंच, कारण उचलला नाही तर मीटर पडत नसे. मिस कॉल त्याच रांगेत जाऊन बसला. मला तर त्यात 'हूल देणे'ही दिसतं, अंगावर येतोय असं भासवायचं आणि मागे फिरायचं! रागावून बोलताना मात्र आपण क्रियापद बदलतो. "सारखा मिस कॉल मारत असतो" या वाक्यातला 'मारणे' ऐकला की बोलणाऱ्याचं त्या माणसाबद्दलचं मत वेगळं विचारावं लागत नाही.

आता यामागचा पैशाचा भाग, कारण अर्थ तिथेच बदलला. भारतात मोबाइल सेवा 1995 मध्ये सुरू झाली तेव्हा गर्दीच्या वेळचा दर मिनिटाला 16 रुपयांच्या घरात होता, आणि आलेला फोन घ्यायलाही पैसे पडत. त्यामुळे न उचललेला फोन दोघांचेही पैसे वाचवायचा, आणि मिस कॉल म्हणजे निव्वळ खूण असे. एक रिंग म्हणजे निघालो, दोन म्हणजे पोचलो. मग मे 2003 पासून येणारे फोन फुकट झाले आणि भार एकट्या करणाऱ्यावर आला. तिथून मिस कॉलला दुसरा अर्थ चिकटला: "तू कर, माझ्याकडे बॅलन्स नाही."

हा दुसरा अर्थ आला आणि त्याच्याबरोबर मानपान आला. हॉस्टेलवरची मुलगी बाबांना मिस कॉल देणार, बाबा उलट फोन करणार, यात कुणाला काही वाटत नसे. पण तोच कारकुनाने साहेबांना दिला तर "मला मिस कॉल देतोस?" हे ऐकायची तयारी ठेवायची. उधारी मागणाऱ्याने तर देऊच नये, समोरचा कशाला उलट करेल? थोडक्यात, ज्याच्याकडे पैसे कमी आणि हक्क जास्त, त्याने द्यायचा. हे नियम कुणी लिहून ठेवले नव्हते, पण मोडलेले सगळ्यांना कळत.

व्हॉइसमेल आपल्याकडे का रुजली नाही, याचं एक उत्तरही इथेच आहे. यंत्राने फोन उचलला की तो 'लागला', म्हणजे पैसे गेले. व्हॉइसमेल चालू असलेल्या माणसाला मिस कॉल देणं म्हणजे मोठीच जोखीम! शिवाय निरोप ठेवायचा तो माणसाकडे, ही आपली सवय. एकेकाळी व्हिजिटिंग कार्डावर शेजाऱ्याचा नंबर 'पी.पी.' (म्हणजे फोन शेजाऱ्याकडे, बोलावून देतील) लिहून छापणारा समाज आपला. बीप वाजल्यावर कुणीच ऐकत नसताना बोलायचं म्हणजे आपल्याला अवघडल्यासारखंच होतं.

पुढे संस्थांनी हा शब्द उचलला. 2011 च्या जनलोकपाल आंदोलनात लोकांनी मिस कॉल देऊन पाठिंबा नोंदवला, 2014 मध्ये भाजपने त्यावर सदस्य नोंदवले, 2021 पासून इंडेनचा सिलिंडरही मिस कॉलवर बुक होऊ लागला. इथे खूण नाही की विनवणी नाही, 'देणे' आहे ते मत देण्याच्या जवळचं.

सगळ्यात गंमत 2019 ची. तेव्हा एका कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन केला, तर पहिली कंपनी दुसरीला मिनिटाला 6 पैसे देत असे. जिओने रिंग वाजण्याचा वेळ कमी केला. स्पर्धकांची तक्रार अशी की रिंग लवकर थांबली की फोन हुकतो, समोरचा उलट फोन करतो आणि 6 पैशांची दिशाच फिरते. शेवटी दूरसंचार नियामक ट्रायने त्या नोव्हेंबरात मोबाइलची रिंग 30 सेकंद आणि लँडलाइनची 60 सेकंद ठरवून दिली. हॉस्टेलवरच्या मुलीची युक्ती कंपन्यांपर्यंत पोचली होती म्हणायची.

परभाषेतही हा प्रकार आहे, ही खोड आपली एकट्याची नाही. स्पॅनिशमध्ये "मला एक 'पेर्दिदा' (म्हणजे हुकलेला) कर" असं म्हणतात. व्याकरणाचा गोंधळ हुबेहूब आपलाच.

फोन फुकटात जमा झाल्यावर शब्द मागे पडायला हवा होता. "पोचल्यावर मिस कॉल दे"ची जागा बरीचशी "मेसेज टाक"ने घेतलीही. (हा 'टाक' पत्र टाकण्यातला, त्यावर पुन्हा कधी.) पण नव्या ओळखीत नंबर घेताना अजून तेच चालतं. एकजण नंबर सांगतो, दुसरा लावतो, दोघेही स्क्रीनकडे बघत उभे. "आला, आला. शेवटी चौऱ्याऐंशी ना? काय नावाने सेव्ह करू?" इथे मिस कॉल म्हणजे जवळजवळ व्हिजिटिंग कार्ड.

लिहिण्याबद्दल. 'मिस्ड कॉल' म्हणताना मधला 'ड' गिळला जातो, इंग्रजी बोलणाऱ्यांकडूनही. मिक्स भाजी, फ्राय राइस यांतली शेपटी आपण अशीच कापली. संवादात, गप्पांत बिनदिक्कत 'मिस कॉल' लिहावं. बातमीत किंवा अर्जात 'मिस्ड कॉल' बरं दिसतं, पण दुसऱ्याला अशुद्ध म्हणू नये.

मराठी शब्दाचं म्हणाल तर 'हुकलेला फोन' फक्त 'झाला' आणि 'पडले' यांना पुरतो. फोनच्या मेनूत तो शोभेल, पण "खाली आलो की हुकलेला फोन देतो" असं कुणी म्हणणार नाही. दिलेल्या मिस कॉलसाठी "रिंग दे" आहेच. तोही अर्धा इंग्रजीच, पण मिस कॉलपेक्षा जुना आणि तोंडात बसलेला.