लाल समुद्रातले हल्ले, कंटेनरचं भाडं आणि हवामान बदल यांचा खान्देशातल्या माणसाशी काय संबंध?

तुमचा प्रश्न असा आहे की समुद्रातले हल्ले, जहाजाचं वाढलेलं भाडं आणि हवामान बदल हे बातम्यांत वेगवेगळे येतात, तर त्यांचा एकमेकांशी खरंच काही संबंध आहे का, आणि असला तरी समुद्रापासून इतक्या आत बसलेल्या आपल्या जळगाव-धुळ्याला त्याचं काय. मी रावेर तालुक्यात केळीच्या एका पॅक हाऊसमध्ये डिस्पॅचचं काम बघतो, नऊ वर्षं झाली. मला स्वतःला हे सगळं केळीमुळेच समजलं, म्हणून केळीवरूनच सांगतो.

संबंध आहे, आणि तो दिवसांचा आहे. जहाजाला पोचायला किती दिवस लागतात, त्यात सगळं येतं.

बाहेर पाठवायची केळी आपण पूर्ण भरायच्या आधी कापतो, हिरवीगार, टणक. फण्या वेगळ्या करायच्या, तुरटीच्या पाण्यात धुवायच्या, 13 किलोच्या बॉक्समध्ये भरायच्या, थंड करायच्या आणि मग 40 फुटी रीफर, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या कंटेनरमध्ये साधारण 20 टन माल, साडेतेरा डिग्रीवर. जास्त गरम झालं तर पिकायला लागते, जास्त थंड झालं तर साल आतून तपकिरी पडते आणि नंतर नीट पिकतच नाही. आणि एक फणी जरी पिकायला लागली ना, तर तिच्यातून फळ पिकवणारा इथिलीन गॅस सुटतो, तो शेजारच्या बॉक्सला लागतो, की झालं. म्हणजे घड कापला त्या घडीपासून आपण फक्त दिवस मोजत असतो. दुबईला जेबेल अलीला जहाज चार-पाच दिवसांत पोचतं, तिथे आपला माल आरामात जातो. 2021 ला आपल्याच तांदलवाडीतून जीआय (भौगोलिक) मानांकन असलेली 22 टन केळी दुबईला गेली होती, तेव्हा इकडे केवढा आनंद झाला होता ते मला आठवतं.

आता 19 नोव्हेंबर 2023. त्या दिवशी येमेनच्या हुथी बंडखोरांनी लाल समुद्रात हेलिकॉप्टरने उतरून गॅलेक्सी लीडर नावाचं गाड्या वाहणारं जहाज ताब्यात घेतलं. ते जहाज तुर्कस्तानातून निघून आपल्या गुजरातेत पिपावावलाच यायचं होतं. त्यानंतर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं सुरू झाली आणि डिसेंबरात मोठमोठ्या कंपन्यांनी बाब-अल-मंदेब (लाल समुद्राचं दक्षिणेकडचं अरुंद तोंड) आणि सुएझचा रस्ताच सोडला, आफ्रिकेला पूर्ण वळसा घालून जायला लागल्या. मुंबईहून रॉटरडॅम सुएझमार्गे सहा-साडेसहा हजार सागरी मैल आहे, वळसा घातला की साडेदहा हजारांच्या वर जातं. म्हणजे बारा-चौदा दिवस जास्त, नुसत्या पाण्यावर.

पैशाचं बघा. जे जहाज तरीही लाल समुद्रातून जाईल त्याचा युद्धाच्या जोखमीचा विमा जहाजाच्या किमतीच्या जवळपास 1 टक्क्यापर्यंत गेला, आधी तो अगदी किरकोळ असायचा. 10 कोटी डॉलरच्या जहाजाला एका खेपेला 10 लाख डॉलर होतात हे. आणि जे वळसा घालून जाणार त्यांचं इंधन, पगार, जहाजाचं दिवसाचं भाडं सगळं वाढलं. शांघाय ते रॉटरडॅम 40 फुटी कंटेनरचं भाडं नोव्हेंबर 2023 ला 1,200 डॉलरच्या आसपास होतं, जानेवारीत ते 4,900 च्या आसपास गेलं आणि जुलै 2024 मध्ये 8,000 च्या वर. हे चीनचे आकडे आहेत, पण त्याची झळ मुंबईजवळच्या आपल्या न्हावा-शेवा बंदराला लागली कारण कंटेनर जगभर तेच फिरतात. जहाज दोन आठवडे उशिरा परतलं की त्यावरचे रिकामे डबेही दोन आठवडे उशिरा येतात, आणि रीफर तर आधीच मोजके. आम्ही फोन करायचो, पलीकडून उत्तर यायचं की पुढच्या आठवड्यात बघू. इकडे कापणीची माणसं ठरलेली, बागेत माल तयार, आणि पुढच्या आठवड्यात!

जानेवारी 2024 मधला एक कंटेनर मी विसरू शकत नाही. कांदेबागाचा, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीचा माल, शेतकरी आमच्या शेजारच्या गावचा, जाणं जेद्दाहला. जेद्दाह लाल समुद्राच्या आत आहे, इकडून जायचं तर बाब-अल-मंदेबमधूनच जावं लागतं. आमचं बुकिंग एकदा पुढे ढकललं, मग परत ढकललं. कंटेनर पोर्टवर वीज लावून आठ दिवस उभा, त्या विजेचं बिलही आम्हालाच. शेवटी तो जेबेल अलीला उतरवला आणि तिथून ट्रेलरवर सगळं सौदी पार करून जेद्दाहला नेला, तेव्हा असा जमिनीचा रस्ता बऱ्याच जणांनी धरला होता. चोविसाव्या दिवशी दार उघडलं. पलीकडच्या खरेदीदाराने व्हिडिओ पाठवला, पुढच्या रांगा हिरव्या आणि मागच्या कोपऱ्यात पिवळं पडलेलं, बॉक्सच्या भोकांतून दिसत होतं. त्याने पैसे कापले. ती कपात थोडी आमच्या अंगावर आली आणि थोडी शेतकऱ्याच्या. तो ऑफिसात येऊन मला एवढंच म्हणाला, ‘माल दिला तवा तं सोन्यासारखा होता भाऊ, मंग माहे पैसे कायचे कापता?’ मी त्याला मोबाईलवर नकाशा दाखवला. त्याने शांतपणे बघून घेतला, पण त्या नकाशाने त्याचं नुकसान काही भरून निघालं नाही, आणि मला आजही वाटतं की या साखळीत ज्याचा दोष सगळ्यात कमी त्याच्याकडेच बिल शेवटी जातं, हे बरोबर नाही.

तुम्ही म्हणाल आम्ही तर एक्स्पोर्ट करत नाही. पण बाहेर जाणारा माल अडला की तो जातो कुठे? तो इथल्याच मार्केटला येतो आणि बोर्डाचा, म्हणजे बाजार समितीने जाहीर केलेला भाव खाली ओढतो, मग दिल्लीला गाडी भरणारासुद्धा त्याच भावात जातो. आणि पोटॅश खताचं काय? केळीला पोटॅश किती लागतं ते सांगायला नको, आणि आपल्या देशात पोटॅशची खाण नाही, एमओपी (म्युरिएट ऑफ पोटॅश) सगळं बाहेरून येतं. मृत समुद्राच्या काठचं जॉर्डनचं पोटॅश अकाबा बंदरातून निघून याच बाब-अल-मंदेबमधून आपल्याकडे येतं. रुबीमार नावाचं जहाज 18 फेब्रुवारी 2024 ला हुथींच्या क्षेपणास्त्राने फुटलं आणि 2 मार्चला बुडालं, त्यात 21,000 टन खत होतं. एकवीस हजार टन खत समुद्रात! त्यानंतर चारच दिवसांनी ट्रू कॉन्फिडन्स नावाच्या जहाजावर हल्ला झाला, तीन खलाशी गेले, 21 जणांना आपल्या नौदलाच्या आयएनएस कोलकाताने वाचवलं, त्यात एक भारतीय होता. जहाज म्हटलं की आपल्याला लोखंड दिसतं, पण त्यावर पोरं असतात, आणि आपल्या देशातली भरपूर असतात. नौदलाने त्या काळात जे काम केलं त्याबद्दल मला मनापासून अभिमान आहे.

आता हवामान. चार हजार मैल जास्त म्हणजे तेवढं तेल जास्त जळणार, हे सरळच आहे. त्यात उशीर भरून काढायला जहाज जोरात पळवलं तर अजून वाईट, कारण वेग थोडा वाढवला तरी इंधन त्याच्या कितीतरी पट लागतं, साधारण वेगाच्या घनाच्या हिशोबाने. वेग 10 टक्के वाढला की दिवसाचं इंधन 30 टक्क्यांच्या वर वाढतं. जगाच्या हरितगृह वायूंपैकी जवळपास 3 टक्के एकट्या जहाजांचे आहेत, म्हणजे रस्ता असुरक्षित झाला की नुसतं भाडं वाढत नाही, धूरही वाढतो.

आणि उलटंही होतं, हवामानच जहाजं अडवतं. पनामा कालवा गोड्या पाण्यावर चालतो, गाटून तलावाच्या. 2023 ला तिथे पाऊस कमी झाला तेव्हा रोज 36 जहाजं जायची ती डिसेंबरात 22 वर आणली, रांगेत पुढे जायला एकाने जवळपास 40 लाख डॉलर मोजले. आपल्याकडे गिरणा धरण भरलं नाही की कालव्याच्या पाण्याची आवर्तनं कमी करतात ना, तसंच. पण खरं सांगायचं तर त्या दुष्काळाचं मुख्य कारण एल निनो होतं, ते सगळं हवामान बदलाच्या नावावर टाकणं मला पटत नाही. आपल्या अरबी समुद्राची गोष्ट वेगळी, इथे चक्रीवादळं खरोखर वाढलीत आणि जास्त दिवस टिकतात. मे 2021 ला तौक्तेमुळे न्हावा-शेवाचं काम थांबलं, जून 2023 ला बिपरजॉय एकूण तेरा दिवस टिकलं, कांडला-मुंद्रा बंदरं काही दिवस बंद. आणि असे थांबलेले दिवस केळीला किती होतात ते वर सांगितलंच. लंडनला आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेत (आयएमओ) जहाजांच्या धुरावर पैसे लावायचा आराखडा एप्रिल 2025 ला मंजूर झाला होता, ऑक्टोबरात अंतिम मत व्हायचं होतं ते वर्षभर पुढे ढकललं. ते पुढे ढकलणं मला अजिबात आवडलं नाही. भाडं थोडं वाढेल हे मान्य, पण मे महिन्यात इथे पारा 45 च्या वर जातो आणि गरम वाऱ्याने अख्ख्या नवतीच्या, म्हणजे नव्या लागवडीच्या बागेची पानं करपतात, ते नुकसान कोणत्या भाड्यात धरायचं?

त्या जेद्दाहच्या कंटेनरनंतर आम्ही एक बदल केला. पॅक हाऊसच्या फळ्यावर आता प्रत्येक कंटेनरपुढे बंदराचं नाव, रस्ता आणि दिवस लिहितो, आणि दिवस अठराच्या वर जात असतील तर घड पाच-सहा दिवस आधी, जरा कवळा असतानाच कापायला सांगतो. माल टिकतो त्याने. पण कवळा घड वजनाला कमी भरतो, एका घडामागे दोन-अडीच किलो तरी, आणि तो शेतकरी परवा काट्यावर उभा राहून आधी फळ्याकडे बघत होता, मग काट्याकडे.