वाचकांचे प्रश्न : ऊन पडलंय, मग विमान रद्द का?

प्रश्न : जुलैत चिपीहून विमान धरायचं होतं. कुडाळात लख्ख ऊन होतं, तरी ‘हवामानामुळे रद्द’ असा मेसेज आला. ही थाप तर नव्हे? – वाचक, कुडाळ

उत्तर : थापच असेल असं नाही. कुडाळचं ऊन पायलटच्या कामाचं नाही. चिपीचा विमानतळ परुळ्याजवळच्या सड्यावर, म्हणजे उंच पठारावर आहे, समुद्र जवळ. पावसाळ्यात ढग तिथे धावपट्टीलाच टेकतात, खाली गावात मात्र उघडीप असते.

पायलटला नजरेच्या भरवशावर उतरायचं असेल (याला व्हीएफआर म्हणतात), तर समोरचं किमान 5 किलोमीटर दिसावं लागतं आणि ढगांचा तळ 1500 फुटांच्या वर असावा लागतो. आकाशाचे आठ भाग कल्पून त्यांतले पाच किंवा जास्त झाकले असतील, तरच तो ‘तळ’ धरतात. चुकार पुंजके मोजत नाहीत. किती लांबचं दिसतं हे ठरवण्याची जुनी रीत साधी आहे: टेकडी, मोबाइलचा टॉवर, पाण्याची टाकी अशा खुणांची अंतरं आधीच मोजून ठेवलेली असतात. निरीक्षक बाहेर येऊन कुठवरची खूण ओळखू येते ते पाहतो. चार किलोमीटरवरचा टॉवर दिसला आणि सहावरची टेकडी पुसली गेली, की प्रकरण काठावर आलं.

व्हीएफआरला संध्याकाळचीही वेस आहे: सूर्यास्तानंतर 20 मिनिटं. दुपारचं विमान दोन तास रखडलं तर हिवाळ्यात ते याच वेशीवर अडकतं, आणि आकाश निरभ्र असूनही रद्द होतं. म्हणून पर्याय असेल तर दिवसाची शेवटची फेरी घेऊ नका. निघण्याआधी स्वतःच्या विमानाची नव्हे, तिकडून येणाऱ्या विमानाची चौकशी करा. छोट्या विमानतळावर राखीव विमान उभं नसतं. जे येईल तेच परत जाणार.

प्रश्न : आग विझवणारी गाडी बिघडली म्हणून विमान अडतं का? – वाचक, वेंगुर्ले

उत्तर : हो. विमानाच्या लांबी-रुंदीवरून विमानतळाची अग्निशमन श्रेणी ठरते. 72 आसनी एटीआर विमान 27 मीटर लांब, त्याला श्रेणी 5 लागते: एक गाडी, साधारण 5400 लिटर पाणी आणि फोम. एअरबस ए-320 ला श्रेणी 6, म्हणजे दोन गाड्या आणि 7900 लिटर. दोनातली एक नादुरुस्त झाली की श्रेणी उतरते. एटीआर तरीही उतरू शकतं, एअरबसची मात्र पंचाईत.

प्रश्न : रद्द झाल्यावर काय मिळतं? आणि सामानात नारळ चालतो? – वाचक, मालवण

उत्तर : पूर्ण परतावा किंवा दुसरं विमान, निवड तुमची. पैशांऐवजी ‘क्रेडिट’ (पुढच्या तिकिटात वळती होणारी रक्कम) गळ्यात मारत असतील तर नको म्हणा. तासाभराच्या आत पोचणाऱ्या उड्डाणाला नुकसानभरपाई 5000 रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांत कमी असेल ती. कारण हवामानाचं असेल तर ती मिळत नाही. म्हणून कारण लेखी मागून घ्या.

अख्खा नारळ काउंटरवर द्यायच्या बॅगेत ठेवा. सुकं खोबरं मात्र कुठल्याच बॅगेत नको. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, आणि तपासणीत हमखास बाहेर काढतात. आंब्याच्या पेटीला हरकत नसते, फक्त तिचं वजन तिकिटावरच्या किलोंत धरलं जातं.