35 आणि 65

तुम्ही विचारलंत की जूनमध्ये न्यूयॉर्कला यायचं ठरतंय, मुलगी सातवी संपवून येईल, तर आठवी इथे करून स्टायव्हसंटसारख्या नामांकित सरकारी शाळेत नववीला प्रवेश मिळेल का, आणि तिला एकटं वाटेल का. प्रश्न वाचला आणि रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. आम्हीही असेच जूनमध्ये आलो होतो, लेक नुकतीच सातवी झालेली.

अर्ज कधी, कुठे, पसंतीक्रम कसा, हे शिक्षण खात्याने लिहून ठेवलंय, ते तुम्ही वाचालच. मी सांगते ते गुणपत्रिकेचं. परीक्षेवर न जाणाऱ्या ज्या निवडक शाळा आहेत, त्या सातवीचे इंग्रजी, गणित, विज्ञान आणि समाजशास्त्राचे गुण बघतात. आता आपल्याकडे पास व्हायला 35 लागतात, इथे 65. माझ्या लेकीला पुण्यात गणितात 78 होते आणि ती वर्गात तिसरी होती. इथल्या शाळेतल्या बाईंनी पत्रिका हातात घेतली, 78 वर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ‘बरी आहे.’ इथे चांगल्या मुलांना नव्वदीच्या पुढेच गुण असतात. मी समजावत राहिले की आमच्याकडे 78 म्हणजे पुष्कळ, तिथे पेपर कडक तपासतात. त्यांनी आकडा होता तसाच संगणकात भरला. तीन खेपा घातल्या मी. निघण्याआधी शाळेच्या लेटरहेडवर पास होण्याचे गुण आणि मुलीचा वर्गातला क्रमांक मुख्याध्यापकांच्या सहीने लिहून आणा. उपयोग होईलच असं नाही, पण माझ्या हातात तेवढाही कागद नव्हता.

मग उरली एसएचसॅट, म्हणजे शहरातल्या आठ खास सरकारी शाळांची प्रवेश परीक्षा. 1971 च्या राज्याच्या कायद्यामुळे स्टायव्हसंट, ब्राँक्स सायन्स आणि ब्रुकलिन टेकला फक्त या परीक्षेचे गुण धरतात, आधीची गुणपत्रिका कुणी मागत नाही. मला वाटलं, हे आपलंच मैदान. जूनमध्ये आलो, परीक्षा काही महिन्यांवरच. इथली मुलं सहावीच्या उन्हाळ्यापासून क्लासला जातात हे मला ऑगस्टमध्ये कळलं. गणित तिला यायचं, पण इंग्रजी उताऱ्यांवरचे प्रश्न वेगळ्याच वळणाचे असतात. मी तिला रोज रात्री अकरापर्यंत बसवलं. इथे तिची एकही मैत्रीण नव्हती, आणि मी म्हणायचे, बरंच आहे, वेळ जाणार नाही.

तिच्या शेजारी बसणारी एक काळी मुलगी गणितात हिच्याही पुढे होती. तिने या परीक्षेचं नाव पहिल्यांदा आमच्या लेकीच्या तोंडून ऐकलं, तेही सप्टेंबरमध्ये. 2019 साली स्टायव्हसंटच्या 895 जागांपैकी 7 काळ्या मुलांना मिळाल्या. तो आकडा मी आधी वाचला होता तेव्हा ‘गुणवत्ता म्हणजे गुणवत्ता’ असं म्हणून पान उलटलं होतं. आता तसं म्हणवत नाही. तरी परीक्षा बंद करावी असंही वाटत नाही, कारण ओळखपाळख नसलेल्या आमच्यासारख्यांना तेवढंच एक दार उघडं दिसतं.

मार्चमध्ये निकाल आला. त्या आठांपैकी एकाही शाळेत लेकीचं नाव नव्हतं. तिने फोन टेबलावर पालथा ठेवला, न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू ठेवला. त्याच संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. मी म्हणाले, ‘तिने परीक्षाच दिली नाही, आई. उशिरा आलो ना आम्ही.’ ती दारात उभी होती. आत निघून गेली. नापास झाल्याचं दुःख तिला त्या दिवशी झालं असेल, पण मी ते लपवण्याजोगं ठरवलं, ते तिच्या मनातून अजून गेलेलं नाही.

आता ती घराजवळच्या साध्या सरकारी शाळेत अकरावीला आहे. गणिताचे सर उत्तम आहेत, ती खूश असते. एकटेपणाचं विचारलंत, तर पहिला हिवाळा जड जातो, पुढे जमतं.

तिची सरावाची पुस्तकं अजून कपाटात आहेत. हवी असतील तर पेन्सिलीच्या खुणा खोडून ठेवते. फक्त आधी तिला विचारते.